पेन्सिलीचे गुण

आमच्या पालिकेच्या अनुदान समितीवर सात माणसं असतात. त्यातली सहा कोण, हे आधीच ठरलेलं असतं. अध्यक्ष म्हणून एक माजी नगरसेवक, मग एक डॉक्टर, एक प्राध्यापक, एक बँकेतले निवृत्त मॅनेजर, एक व्यापारी आणि समाजकल्याण विभागाचे आमचे साहेब. सातवा मात्र ‘सर्वसामान्य नागरिक’ असावा, असं नियमात लिहिलंय. कुणी आणि कोणत्या लहरीत लिहिलं ते माहीत नाही, पण त्या सातव्या खुर्चीचा विभागाला दरवर्षी वैताग असतो.

मी त्या समितीचा लेखनिक. बैठकीत कोण काय बोललं ते लिहायचं, चहा आला का बघायचं आणि शेवटी सह्या गोळा करायच्या, एवढंच माझं काम.

शहरात कुणी म्हाताऱ्या माणसांसाठी काही चालवतं, कुणी अपंगांसाठी, कुणी मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी. पालिका अशांना वर्षाला अनुदान देते. अर्ज येतात, समिती शंभरपैकी गुण देते, गुणांच्या क्रमाने यादी लागते आणि निधी संपेल तिथे यादीवर आडवी रेघ मारली जाते. रेघेच्या वरचे तरले. खालच्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा यावं.

मी सांगतोय त्या वर्षाआधी सातव्या खुर्चीवर एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. ते बैठकीत फार शांतपणे झोपायचे. त्यांची मुदत संपली तेव्हा साहेबांनी पालिकेतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांची यादी मागवली आणि बोट फिरवत फिरवत एका नावावर थांबले.

“ही बरी आहे. पाण्याचे मीटर वाचायची. आकडा बघायचा, लिहायचा, पुढचं दार. बडबड करायची सवय नसणार.”

माणसं ओळखण्यात साहेब सहसा चुकत नाहीत. त्या दिवशी चुकले, आणि सणसणीत चुकले.

त्यांना सगळे मीटरबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी या शहरातल्या घराघरांत पाण्याच्या मीटरची झाकणं उचलली होती. उंचीला बेताच्या, चालणं झपाझप, डाव्या पोटरीवर कुत्रा चावल्याच्या दोन खुणा. नोकरीत असताना एका मोठ्या हॉटेलात त्यांना सांगण्यात आलं होतं की मीटर नादुरुस्त आहे असं लिहून टाका, म्हणजे सरासरी बिल निघेल. मीटर तर डोळ्यांदेखत गरगर फिरत होता. मीटरबाईंनी झाकण बंद केलं, त्यावरच बैठक मारली आणि वरिष्ठांना निरोप धाडला की कुणीतरी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तोवर मी उठत नाही. पाच तास बसल्या. शेवटी कुणी आलं, खरा आकडा लिहिला गेला आणि आठवड्याभरात मीटरबाईंची बदली टेकडीवरच्या वस्तीत झाली. तिथे सहा वर्षं त्या रोज पायऱ्या चढत-उतरत होत्या. “गुडघे चांगले राहिले,” असं त्या सांगायच्या. हे साहेबांच्या यादीत कुठून लिहिलेलं असणार?

पहिल्या बैठकीला त्या वेळेच्या वीस मिनिटं आधी आल्या. प्रत्येक खुर्चीसमोर मी गुणपत्रकांचे गठ्ठे ठेवले होते. त्या वर्षी सव्वीस अर्ज होते, म्हणून सव्वीस पानं. मीटरबाईंनी चष्मा लावला, पहिलं पान उचललं, उजेडाकडे धरलं.

“अहो लिहिणारे,” त्या मला म्हणाल्या. तेव्हापासून माझं तेच नाव पडलं. “यात गुण आधीच भरलेत.”

“पेन्सिलीने आहेत ते,” मी म्हणालो.

“ते दिसतंय. कुणी भरलेत?”

“विभागाकडून येतात. मार्गदर्शक म्हणून. सदस्य त्यावरून पेनाने...” पुढचा शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

“गिरवतात,” त्यांनी पूर्ण केलं.

एव्हाना बाकीचे आले होते. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढून गिरवायला सुरुवातही केली होती, कारण त्यांना दवाखाना गाठायचा होता. मीटरबाईंनी पर्स उघडली. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते, त्यामुळे त्यांच्या घरात खोडरबर कधी कमी नसत. मीटरबाईंनी त्यातला एक काढला आणि पहिल्या पानापासून खोडायला लागल्या. त्या शांत खोलीत तो आवाज फारच मोठा वाटला. खुर्रर, खुर्रर. मग फुंकर. मग पुढचं पान.

साहेब म्हणाले, “बाई, हे काय चाललंय?”

“पाटी कोरी करतेय. मी अजून एकही अर्ज वाचलेला नाही. न वाचता गुण कसे देऊ?”

अध्यक्ष हसले. त्यांचं बोलणं नेहमी साखरेत घोळलेलं. “ताई, सव्वीस अर्ज आहेत. वाचत बसलो तर वर्ष जाईल. विभागाने अभ्यास केलेलाच आहे.”

“मग विभागानेच सही करावी. मला कशाला बोलावलंत?”

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. बैठक तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं ठरलं. फायली घरी न्यायला परवानगी नाही, असं साहेबांनी सांगितलं. बाई कंटाळतील, असा त्यांचा हिशेब होता. मीटरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डबा घेऊन आल्या आणि माझ्या टेबलाच्या कडेला खुर्ची ओढून बसल्या. चार दिवस रोज बसल्या. अंगठ्याला पाणी लावून पानं उलटायच्या आणि मधूनच मला काहीतरी विचारायच्या.

“लिहिणारे, इथे एक रकाना आहे. ‘यापूर्वी पालिकेचं अनुदान मिळालं आहे काय’, मिळालं असेल तर पंधरा गुण. म्हणजे ज्याच्या ताटात एकदा वाढलं, त्यालाच पुन्हा वाढायचं?”

मी म्हटलं, “तो अनुभवाचा निकष आहे.”

“असं होय. भूक लागण्याचा अनुभव धरत नाहीत वाटतं.”

पाचव्या दिवशी त्या आल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. तर बाई पत्ते टिपून घेऊन रस्त्याला लागल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वाहनभत्ता नव्हता. त्यांनी मागितलाही नाही. पालिकेच्या बसने आणि बस नसेल तिथे पायी, उन्हातान्हात त्यांनी सव्वीसही ठिकाणं पालथी घातली. शेवटच्या दोन ठिकाणी मला घेऊन गेल्या. “तुम्ही बारा वर्षं या संस्थांची नावं लिहिताय,” म्हणाल्या, “एकदा तोंडं तरी बघा.” मला लाज वाटली, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पहिलं ठिकाण यादीतलं पहिल्या क्रमांकाचं. ज्येष्ठांसाठीचं मोठं केंद्र. त्यांचा अर्ज म्हणजे गुळगुळीत कागदावरची जाड पुस्तिका होती, पानोपानी हसणारे आजोबा. लाभार्थी दोन हजार शंभर. पेन्सिलीचे गुण चौऱ्याण्णव. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि दाराला कुलूप होतं. कुलुपावर कोळ्याने जाळं धरलं होतं.

शेजारच्या इमारतीचा राखणदार स्टुलावर बसला होता. मीटरबाईंनी त्याला विचारलं, “हे कधी उघडतं?”

“फोटो असला की,” तो म्हणाला. “बस येते, माणसं उतरवतात, फोटो काढतात, बिस्किटं देतात, बस जाते. मागच्या वेळी मलाही बसवलं होतं पुढच्या रांगेत. म्हातारा दिसतो ना मी.”

मीटरबाईंनी खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. मलाही पाहायला लावलं. आत रचून ठेवलेल्या खुर्च्या होत्या आणि त्यांवर धूळ. भिंतीवरच्या घड्याळातले काटे तिसऱ्याच वेळेवर थांबलेले.

दुसरं ठिकाण यादीतलं शेवटून दुसरं, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे. पूर्वी तिथे लाँड्री होती. ती चालवणाऱ्या बाईच्या आईला विसर पडण्याचा आजार झाला. आई दोनदा घरातून निघून गेली. दुसऱ्यांदा सापडली ती शहराबाहेरच्या रस्त्यावर, अनवाणी. त्यानंतर लाँड्रीवालीने दुकानाला मोठी कडी लावली आणि आईला दिवसभर आपल्यासोबत बसवायला लागली. ते बघून शेजारणीने तिचे सासरे आणून बसवले. मग आणखी कुणी. आई वारली, पण बाकीची माणसं येतच राहिली. शेवटी लाँड्री बंद झाली आणि ‘दुपारची खोली’ तेवढी उरली. बारा ते पाच. नऊ माणसं.

तिचा अर्ज मी पाहिला होता. जुन्या लाँड्रीच्या पावतीवर लिहावा तसा तिरक्या अक्षरात. ‘प्रकल्पाचे उद्दिष्ट’ या रकान्यात एकच ओळ होती: पाच वाजेपर्यंत कुणी हरवू नये. उद्दिष्टाला वीसपैकी तीन गुण पडले होते. एकूण एकतीस.

आम्ही आत गेलो तर इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती माणसं बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. एका टोकाला घडी झालेले टॉवेल लाँड्रीवाली गपचूप उचलायची, आत नेऊन विस्कटायची आणि दुसऱ्या टोकाला आणून ठेवायची. काम संपूच द्यायची नाही. “रिकामे बसले की घर आठवतं,” ती हळूच म्हणाली. “आणि जे घर आठवतं ते आता कुठेच नसतं.”

दारापाशी एक उंच गृहस्थ हातातल्या वहीत येणाऱ्या प्रत्येकाची हजेरी लावत उभे होते. पूर्वी मुख्याध्यापक होते म्हणे. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं.

“उशीर का झाला?”

मी गडबडून म्हणालो, “बस चुकली, सर.”

“उभे राहा.”

मी उभा राहिलो. माझी पन्नाशी उलटली होती, तरी दहा मिनिटं भिंतीशी उभा होतो. मीटरबाई टेबलाशी बसून टॉवेल घडी करत होत्या आणि माझ्याकडे बघून पदराआड हसत होत्या.

पाच वाजता घरची माणसं न्यायला आली. मुख्याध्यापकांची बायको आली. ते तिला ‘ताई’ म्हणाले. स्वतःची बायको ते विसरले होते, बहीण आठवत होती. तिने ते ऐकून घेतलं, त्यांच्या चपला पुढे केल्या. तिच्या गालावर उशीच्या अभ्र्याची घडी उमटली होती. ती मीटरबाईंना म्हणाली, “रात्रभर हे येरझाऱ्या घालतात. मी झोपते ती फक्त हे इथे असतात तेव्हा. ही खोली आहे म्हणून मी अजून माणसात आहे.”

परतताना मीटरबाई झपाझप पुढे चालत होत्या. मग बसथांब्यावर एकदम म्हणाल्या, “दोन हजार शंभर म्हणे!” आणि रस्त्यावर थुंकल्यासारखं तोंड केलं.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी आपली सव्वीस पानं टेबलावर ठेवली. ज्येष्ठ केंद्राला त्यांनी दिले होते शून्य. दुपारच्या खोलीला शहाऐंशी.

“शहाऐंशी?” व्यापाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “नऊ माणसांसाठी?”

“नऊ घरं आहेत ती,” मीटरबाई म्हणाल्या. “घरटी दोन-तीन माणसं धरा. कुणाची नोकरी टिकली, कुणाची झोप. आणि ती नऊ मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तुमच्या दोन हजार शंभरांतला एक तरी तुम्ही बघितलाय का?”

अध्यक्षांनी साखर वाढवली. “ताई, तुमची तळमळ कळते. पण मोठ्या संस्थेची बदनामी होईल असं काही नको. दार त्या दिवशी काही कारणाने बंद असेल.”

“मी तीनदा गेले. तीन वेगवेगळ्या वारी, तीन वेगवेगळ्या वेळी. तिन्ही वेळा कुलूप.”

“बाकी सहाही जणांचे गुण जुळताहेत,” साहेब म्हणाले. “तुमचे एकटीचे वेगळे.”

“जुळणारच. एकाच पेन्सिलीचे आहेत.”

प्राध्यापक खोकले. नंतर त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली ती बैठक संपेपर्यंत.

नियम असा होता की यादीवर बैठकीला हजर असलेल्या सगळ्या सदस्यांच्या सह्या असल्या तर ती थेट मंजूर व्हायची. एकही सही कमी पडली तर कारणांसह महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांपुढे ठेवावी लागायची. गेल्या बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. म्हणून साहेबांनी बैठक पुन्हा पुढे ढकलली. चार दिवसांनी सही करा, तोवर विचार करा, असं त्यांनी सांगितलं. तो विचार कुठून कसा घडवून आणायचा, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

पुढचं मला मीटरबाईंच्या यजमानांनी सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा जावई घरी आला. तो पालिकेच्या बागांची निगा राखायचं कंत्राट घ्यायचा, आणि त्या कंत्राटाची मुदत महिनाअखेर संपत होती. चहा पुढे आला तरी त्याने कपाला हात लावला नाही.

“आई, मला आज बोलावलं होतं वर. कंत्राटाबद्दल बोलले. मग तुमच्याबद्दल बोलले. दोन्ही एकाच दमात.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, सासूबाईंना समजवा. आई, एक सही तर आहे. तुम्ही ती अडवल्याने त्या खोलीचं भलं होणार नाही, आणि केंद्राचंही काही बिघडणार नाही. मधल्यामध्ये आमचं घर बसेल.”

मीटरबाईंनी कप त्याच्याकडे सरकवला. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असंच त्या आजवर वागल्या होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुमचं काम चांगलं आहे. बागा मी बघते येता-जाता, तुम्ही झाडं पोटच्या पोरासारखी सांभाळता. ते कंत्राट तुमच्या कामावर राहायला हवं. माझ्या सहीवर राहिलं तर ती भीक झाली, आणि दरवर्षी नवी सही मागतील. आज माझी, उद्या तुमची.”

“तत्त्वाने पोट भरत नाही, आई.”

“नाही भरत. मला टेकडीवर धाडलं तेव्हा माझंही नव्हतं भरलं. तुमची बायको तेव्हा आठ वर्षांची होती, तिला विचारा. पण मी सही करणार नाही.”

तो उठला, पाया पडला आणि चहा तसाच ठेवून गेला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, “तुला परकी माणसं जास्त झाली का?” आणि उत्तर न ऐकता ठेवून दिला. मीटरबाई स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. यजमान मागून म्हणाले, “अगं, अजून वेळ आहे. बदलायचं असेल तर बदल.” त्या वळल्या. डोळे लाल होते, पण आवाज कोरडा ठणठणीत. “कागद द्या. विरोध का आहे ते लिहून काढते. आणि तुम्ही तपासून द्या, नाहीतर शुद्धलेखनाच्या चुका काढून हसतील.”

दोन पानांचं ते टिपण यजमानांनी तीनदा तपासलं. एके ठिकाणी त्यांनी ‘लबाडी’ खोडून ‘विसंगती’ केलं होतं. मीटरबाईंनी परत ‘लबाडी’ केलं.

शेवटच्या बैठकीत त्यांनी ते टिपण वाचून दाखवलं आणि सही नाकारली. साहेबांनी फाईल बंद केली. सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“इतिवृत्तात लिहा, यादी सर्वानुमते संमत. सातव्या सदस्या अनुपस्थित.”

“पण त्या आल्या होत्या, साहेब.”

“तुमच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली?”

“सहा.”

“मग नीट लिहा.”

मी टेबलाशी जाऊन बसलो. पेन उघडलं. माझ्या आयुष्यात मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. दाराशी मीटरबाई उभ्या होत्या. छत्री विसरली म्हणून परतल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही. छत्री उचलून त्या म्हणाल्या, “लिहिणारे, तुम्हाला मी भरीला घालणार नाही. तुम्हाला घर आहे. फक्त एक सांगते, माझी हजेरी त्या मुख्याध्यापकांनीसुद्धा लावली होती, आणि त्यांना स्वतःची बायको आठवत नाही.”

त्या गेल्या. मी लिहिलं. जसं घडलं तसं लिहिलं, टिपण जोडलं, आणि साहेबांना न दाखवता आवक-जावक नोंदवहीत क्रमांक टाकून सभासचिवांकडे पोचतं केलं. एकदा क्रमांक पडला की कागद मागे घेता येत नाही. अक्षर सरळ आलं.

महासभेच्या दिवशी प्रेक्षक-सज्जा भरला होता. कुणीतरी सुचवलं होतं की त्या नऊ जणांना आणून पुढे बसवा, नगरसेवकांना पाझर फुटेल. मीटरबाईंनी त्याला झाडलं. “ती माणसं दाखवायची वस्तू आहेत का? मग आपल्यात आणि त्या फोटोवाल्यांत फरक काय?” लाँड्रीवालीही आली नाही. बारा ते पाच तिला हलता येत नव्हतं.

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. मीटरबाईंनी अर्धंसुद्धा मिनिट घेतलं नाही. त्या माइकपाशी गेल्या, तो खाली ओढला आणि म्हणाल्या:

“यादीतल्या पहिल्या क्रमांकाचं केंद्र इथून चालत बारा मिनिटांवर आहे. मी म्हणते तिथे कुलूप आहे. ते म्हणतात तिथे दोन हजार शंभर माणसं आहेत. भाषणं कशाला? सभा अर्धा तास थांबवा आणि बघून या. मी खोटी निघाले तर सगळ्यांसमोर माफी मागेन.”

सभागृहात हलकल्लोळ झाला. सभापतींनी घंटा बडवली. असं करण्याची प्रथा नाही, असं कुणी म्हणालं. आमचे अध्यक्ष उठून म्हणाले की हा समितीचा अपमान आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक वयस्क नगरसेविका उभ्या राहिल्या. त्या वर्षानुवर्षं फारसं बोलायच्या नाहीत. त्यांनी काठी घेतली आणि कुणाची परवानगी न विचारता बाहेर चालायला लागल्या. “मला गुडघ्याचा त्रास आहे,” जाता जाता म्हणाल्या, “मला वीस मिनिटं लागतील. तोवर तुम्ही प्रथेवर चर्चा करा.”

दोन वार्ताहर त्यांच्यामागे धावले. मग चार नगरसेवक. मग आणखी. पाऊण तासाने मंडळी परत आली. नगरसेविकांनी माइकवर एकच वाक्य उच्चारलं, “कुलूप आहे, आणि जुनं आहे.”

यादी परत पाठवली गेली. गुण देण्याआधी प्रत्येक ठिकाणी निदान दोन सदस्यांनी जाऊन यावं, असा ठराव त्याच दिवशी झाला. नव्या यादीत दुपारची खोली रेघेच्या वर आली. मागितलं होतं त्याच्या निम्मंच अनुदान मिळालं, पण त्यातून लाँड्रीवालीने एक मदतनीस ठेवली आणि मागच्या दारालाही कडी बसवली. ज्येष्ठ केंद्र बुडालं नाही. मोठी संस्था ती, तिचे हात वरपर्यंत. अनुदान कमी झालं, कुणी राजीनामा दिला नाही. पण आता कुणी कधीही येऊन बघेल या धास्तीने ते आठवड्यातून तीन दिवस खरोखर उघडं असतं. त्या राखणदाराने सांगितलं की तिथे आता म्हातारे येऊन पत्ते खेळतात आणि भांडतात.

ज्यांनी हे घडवलं त्यांना किंमत मोजावी लागलीच. जावयाचं कंत्राट गेलं. त्याने शहराच्या टोकाला रोपवाटिका काढली. पहिलं वर्ष हलाखीत गेलं. मुलगी चार महिने आईशी बोलली नाही. पाचव्या महिन्यात आली, भाजी निवडायला बसली, आणि दोघींनी तो विषय काढला नाही. अजूनही काढत नाहीत. मीटरबाई म्हणतात, “तिचं चुकलं नव्हतं. माझंही नव्हतं. असं असतं कधी कधी.”

समितीच्या नियमात एक दुरुस्ती झाली: ‘सर्वसामान्य नागरिक’ किमान पदवीधर असावा. मीटरबाई दहावी. हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी सार्वजनिक वाचनालयात दर बुधवारी एक टेबल धरलं. ज्यांना अर्ज लिहिता येत नाहीत त्यांना तिथे बसवून त्या अर्ज भरायला शिकवतात. यजमान शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ बघतात. गेल्या वर्षी त्या टेबलावरून चौदा अर्ज गेले. सहा रेघेच्या वर आले. “आठ राहिले,” मीटरबाई म्हणतात. सहांबद्दल बोलत नाहीत.

आणि माझी बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. जुन्या फायली, वाळवीचं औषध आणि एक दिवा. साहेबांना वाटलं असेल की मी तिथे कुजेन. पण तिथे कुणी काही सांगत नाही की काय लिहायचं. सहा वर्षांतली साडेचार उरलीत.

परवा जिन्यावर झपाझप पावलं वाजली. मीटरबाई खाली आल्या. हातात माहिती मागण्याचा रीतसर अर्ज, त्यावर पोच. तीस दिवसांची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

“बसा,” मी खुर्ची पुसली. “काय हवंय?”

“तुम्ही लेखनिक होता त्या बारा वर्षांच्या याद्या. प्रत्येक वर्षी रेघेच्या खाली कोण राहिलं ते मला बघायचंय. सगळ्यांचे पत्ते हवेत. जे अजून चालू आहेत त्यांच्याकडे जाणार आहे.”

“बारा वर्षांच्या? बाई, दीडशेच्या वर निघतील.”

“मग काय झालं?” त्यांनी पदर खोचला, दिवा स्वतःकडे ओढून घेतला. “काढा पहिलं वर्ष.”